तबकडीवरची हळद

या लिखाणात मी कुणाचंही नाव घेणार नाही. माझं नाही, आईचं नाही, ज्याच्याशी माझं लग्न झालं त्याचं नाही आणि ज्याच्याशी झालं नाही त्याचंही नाही. कुणाला हे नखरे वाटतील. वाटू देत. एका नावापायी आमच्या घरात जे रामायण घडलं ते भोगलेल्या बाईला एवढा नखरा माफ असावा.

माझी आई धवलारीण होती. आम्ही आगरी. आमच्यात लग्नाला भटजी आला तरी पाहुण्यासारखा येऊन जायचा. लग्न खरं लागायचं ते धवलारणीच्या तोंडून. मांडवाचा पहिला खांब उभा करण्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत प्रत्येक पावलाचं गाणं असायचं. त्याला धवला म्हणतात. धवलारीण गायला लागली की पुढचं पाऊल पडायचं आणि ती थांबली की भलेभले पाटील हात बांधून उभे राहायचे. सोबत ढोलकी नाही, पेटी नाही. आई एक ओळ गायची आणि तिच्या मागे बसलेल्या दोघी बायका ती ओळ झेलायच्या. सगळा ताल तिच्या श्वासावर चालायचा.

तिचा आवाज गोड होता असं म्हटलं तर ती थाप होईल. आवाज जाड होता, थोडा नाकातून यायचा आणि वर गेला की चिरकायचाही. पण त्यात हुकूम होता. सानपाड्यापासून उरणपर्यंतच्या गावांतून तिला बोलावणं यायचं. बोलावणं म्हणजे नारळ आणि विडा. लग्नसराईत आमच्या ओटीवर नारळांची रास पडलेली असायची आणि बाबा म्हणायचे, ही घरी येते ती फक्त लुगडं बदलायला. बाबा खाडीत पाग टाकून मासे धरायचे. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघायची ती एवढीच दोन-चार वाक्यं.

मांडवात देवांना आवतण देण्याचं गाणं हा आईचा खास प्रांत. एकेका देवाला हाक मारायची आणि सांगायचं, अमक्या गावच्या अमक्याची लेक, तिचं नाव हे, आणि तमक्या गावच्या तमक्याचा लेक, त्याचं नाव ते, यांच्या हळदीला या. प्रत्येक देवाला पुन्हा सगळी नावं, बापासकट आणि गावासकट, कारण देवाचा पत्ता चुकायला नको. डोंगरावरची देवी, समुद्रावरचा देव, कुळाचा देव, उंबराचं झाड असे करत करत सात झाले की आठवा आणि शेवटचा आमच्या गावापुरता देव, बांधावरचा. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून खाडीला मातीचा लांबलचक बांध घातलेला होता. त्यावर शेंदूर फासलेला एक दगड होता, तोच हा देव. डोंगरावरच्या देवीला आई इतकी लांब हाक मारायची की ऐकणाऱ्याचाच श्वास संपायचा. बांधावरच्या देवाची ओळ मात्र ती झटक्यात तोडून टाकायची. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, याला एवढ्यात का उरकतेस? ती म्हणाली, "डोंगरावरची आय लांब र्‍हाते, तिला लांबून हाक मारावी लागते. यो बांधावरचा आपला शेजारी. शेजाऱ्याला कशाला हाका मारायच्या? ये म्हनला का येतो."

मी तिच्याकडून शिकावं असं तिला फार वाटायचं. तिने ते तिच्या मावशीकडून घेतलं होतं. मला मात्र सातवीच्या फायनलचं वेड लागलेलं. मांडवात बसून गाणाऱ्या बायका मला अडाणी वाटायच्या आणि मी हे तिला तोंडावर ऐकवायचे. शाळेतून आले की तिचं बोलणं सुधारत बसायचे. अशी आगाऊ कार्टी माझ्या पोटी आली असती तर मी तिला खाडीत उभी केली असती. आईने सगळं हसण्यावारी नेलं. फक्त एकदा, मी फायनल पास झाल्याच्या दिवशी, पेढा तोंडात धरून ती म्हणाली, "आता तू काय माजे मांगं बसायची नाय." मी म्हटलं, नाही बसणार.

साठ साल उलटून गेलं होतं. जासईच्या एका लग्नात मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस पाहुणा म्हणून आला होता. कोळ्यांची गाणी तेव्हा तबकडीवर निघायला लागली होती आणि खपतही होती. त्याने आईला ऐकलं, दुसऱ्या आठवड्यात तो होडीत बसून थेट आमच्या ओटीवर आला. पँटला चिखल लागलेला, हातात चामड्याची पिशवी. आईला म्हणाला, तुमचा आवाज तबकडीवर चढवू. बाबांनी विचारलं, कशाला? आईने त्यांना गप्प बसवलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "ही नाय शिकत, तर तबकडीला शिकवते."

ते मला लागलं, पण मी तसं दाखवलं नाही. उलट त्या दिवसांत मी हवेतच होते. माझं लग्न जमत आलं होतं. ऐरोलीचा मुलगा, ठाण्याला कारखान्यात कामाला. बघायला आला तेव्हा मोठी माणसं भाताच्या पिकाविषयी बोलत होती आणि हा मला हळूच विचारतो, फायनलला गणितात किती पडले? मी सांगितले. तो म्हणाला, "माझ्यापेक्षा जास्त." त्या एका वाक्यावर मी खलास झाले. त्याच्या घरच्यांना मी पसंत होते, आता साखरपुडा तेवढा व्हायचा होता. मला दुसरं काही नको होतं. हे लग्न व्हावं एवढंच हवं होतं, आणि ते होणारच अशी खात्री होती.

रेकॉर्डिंगला आई, तिच्या मागे झेलणाऱ्या दोघी आणि मी अशा चौघी निघालो. पूल तेव्हा नव्हता. होडीने खाडी ओलांडून पलीकडे आणि पुढे बस. मला नेलं ते पाट्या वाचायला. कंपनीच्या इमारतीत एक जाड गादी लावलेलं दार होतं, त्यावर लाल दिवा. दिवा लागला की कुणी शिंकायचंही नाही. गाणाऱ्यांनाच आत घेतात असं सांगून मला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. मी तिथे एक जुनं मासिक वाचत बसले. आत माझं लग्न लागत होतं आणि मी बाहेर जाहिराती वाचत होते.

आत काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. कंपनीच्या माणसाने सांगितलं, बाई, तीन मिनिटांत बसवा. आईने विचारलं, "नवरा-नवरी कोन हायत?" तो म्हणाला, कोणी नाही हो, नुसतं गायचं. आईला हे समजेचना. ज्यांना नावं नाहीत त्यांच्या हळदीला देवांना कसं बोलवायचं? नाव न घेता हाक मारली तर देव येऊन बघणार काय? तो म्हणाला, घाला कोणतीही नावं, लोकांना काय कळणार. आणि दिवा लागायची वेळ आली.

तेव्हा तिने तिच्या परीने विचार केला. मूर्खपणा केला असं लोक म्हणतात, मीही म्हटलं, पण तिने विचार केला होता. दुसऱ्याच्या पोरीचं नाव घेतलं आणि तिला काही बाधलं तर पाप लागेल, आणि लग्न झालेल्या बाईला दुसरी हळद गात नाहीत. तेव्हा नवरी आपलीच पोर. ऐरोलीच्या मुलाचं नाव घ्यावं, तर साखरपुडा झालेला नाही, ठरायच्या आधीच नाव घेतलं तर नजर लागेल. मग नवरा कोण? ज्या पुरुषाचं लग्न होऊन गेलंय त्याला काही बाधत नाही. जासईच्या ज्या लग्नात कंपनीच्या माणसाने तिला ऐकलं होतं, त्याच लग्नातल्या नवऱ्याचं नाव तिने घेतलं. बापासकट, गावासकट. एवढी सगळी काळजी घेऊन तिने माझं वाटोळं केलं.

परतताना होडीत मागे झेलणाऱ्या दोघींपैकी एक हसत मला म्हणाली, "झाला गो तुजा लगीन." मला वाटलं, ऐरोलीवरून चिडवतेय. मी लाजले. आईने मात्र तोंड वाकडं केलं होतं. तिचं दुःख वेगळंच होतं. सात देव झाले आणि दिवा विझला, बांधावरचा राहिला. ती त्या माणसाला म्हणाली होती, एक देव उरलाय, त्याला लय वेळ नाय लागत. तो म्हणाला, बाई, तबकडी संपली.

तबकडी बाजारात आली ती पुढच्या लग्नसराईला. शेजारच्या गावात एक लग्न होतं. पनवेलहून भोंगेवाला आला होता, त्याने नारळाच्या झाडाला भोंगा बांधला आणि मशीनवर तबकडी ठेवली. मी तेव्हा मांडवाबाहेर बायकांबरोबर तांदूळ निवडत होते. भोंग्यातून आईचा आवाज आला. मागे कंपनीने ढोलकी आणि क्लॅरिनेट घुसडलं होतं, तरी आवाज तिचाच, हुकमाचा. बायका ओरडल्या, हसल्या, एकीने मला मिठी मारली. बाबा भोंग्याच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले, मान वर करून. मलासुद्धा भरून आलं, खोटं कशाला बोलू. मग डोंगरावरच्या देवीची लांबच लांब हाक संपली आणि माझं नाव आलं. बाबांचं आलं, गावाचं आलं. आणि त्या पाठोपाठ जासईच्या एका लग्न झालेल्या पुरुषाचं.

सुपातले तांदूळ निवडणारे हात थांबले. सात देव होते म्हणून माझं नाव सात वेळा आलं. चौथ्या देवाला कुणीतरी भोंगेवाल्याला बंद कर म्हणून ओरडलं, पण तो आपला तल्लीन. बाबा अजून मान वर करूनच उभे होते.

त्या दिवशी घरी येऊन मी आईला जे बोलले ते लिहायला हात धजत नाही, पण लिहायला हवं. मी म्हटलं, "तुझं तोंड शिवून टाकायला हवं." ती चुलीपुढे बसली होती. मला समजावायला म्हणून तिने ते नावांचं सगळं कारण सांगितलं, नजर कशी टाळली, पाप कसं टाळलं, आणि मी जितकी ऐकत गेले तितकी जास्त पेटत गेले. त्यानंतर महिनाभर मी तिच्याशी बोलले नाही. जेवायला वाढलं तर जेवायचे, पाणी हवं तर स्वतः उठायचे. सुधारायला आता बोलणंच नव्हतं.

भोंगेवाल्यांची चंगळ होती. ज्या गावात लग्न, त्या गावात ती तबकडी. जासईहून त्या माणसाची बायको एकदा सासूला घेऊन आमच्या घरी आली. माझ्याच वयाची होती, पोटुशी होती. मला वाटलं भांडायला आली. ती ओटीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मना नुसती एकदा बगायची होती हिला." तिने मला नीट बघून घेतलं. मग आईकडे वळून विचारलं, "आमचा लगीन तुमीच लावला. आन हिचाबी तुमीच लावला. यातला खरा कंचा?"

आई म्हणाली, "तुजा खरा, पोरी."

"मंग यो?"

आईने तिच्यापुढचा रिकामा तांब्या उचलला आणि तिथेच परत ठेवला. आईला मी तोवर कधी अडलेली पाहिली नव्हती. ती मुलगी उठली, आणि जाताना माझ्या हाताला नुसता हात लावून गेली. तिचा राग यावा असं तिने काही केलं नाही, म्हणून तर मला जास्त लाज वाटली.

पावसाळ्यात उधाणाची भरती आली आणि बांधाला खांड पडली. खारं पाणी भातात शिरलं. अशा खांडी दर दोन-चार वर्षांनी पडायच्या. सगळं गाव मातीच्या पाट्या घेऊन धावायचं आणि बुजवायचं. या वेळीही बुजवली. पण या वेळी लोकांकडे कारण तयार होतं. सात देव आले, बांधावरच्याला आवतण नाही. आले त्या सातांना हळद नाही, नवरी नाही, काही नाही. आणि ज्याला बोलावलंच नाही त्याने का म्हणून पाणी अडवावं? मी शाळा शिकलेली, मला हे सगळं हास्यास्पद वाटत होतं. तरी बांधावर माती टाकायला गेले तेव्हा त्या दगडाकडे बघायचं मी टाळलं.

ऐरोलीहून निरोप आला तो यानंतर. मुलाचे वडील स्वतः आले. गावदेवीच्या देवळात गावकी बसली, म्हणजे गावातली जाणती माणसं. बायका खांबांच्या मागे. मुलाचे वडील वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "पोर आमाला पसंत हाय. पोरगाबी आयकत नाय, हिच्याशीच करीन म्हनतो." हे ऐकून खांबामागे मी एक पाऊल पुढे सरकले. "पन हलद गायलेली पोर दुसऱ्याचे नावाची. ती घरात कशी घेऊ? बाईंनी देवीसमोर एक सांगावं. मुंबईला गायला तो धवला नव्हता. खोटा होता, नुसता तमाशाचा गाना. एवढा बोलला का साखरपुडा करू."

मला वाटलं, सुटले. एवढंच ना? एक वाक्य. मी आईकडे अशी बघत होते जशी भुकेलेली माणसं ताटाकडे बघतात.

आई उभी राहिली. तिने पदर खोचला, सोडला, परत खोचला. मला तिचा संताप आला. एवढा कसला ताठा, असं वाटलं. आज कळतं की त्या क्षणी तिच्यापुढे काय होतं. तिच्या तोंडून निघालेला धवला खोटा असू शकतो, हे तिने एकदा कबूल केलं की झालं. ती जिच्या जोरावर पाटलांना थांबवायची ती गोष्टच राहणार नव्हती. सात देवांना तिने हाक मारली होती, मनापासून मारली होती, माझ्या नावाने मारली होती. ती खोटं गायली नव्हती.

ती म्हणाली, "खोटा होता."

गावकीतला एक म्हातारा, चिडखोर म्हणून प्रसिद्ध होता, तो बसल्या जागेवरून म्हणाला, "मंग आमचे पोरांचे लग्नात गायलीस तो? तो तरी खरा होता का?" दोघेतिघे हसले. आई त्याच्याकडे न बघता देवीला म्हणाली, "आता मी मांडवात तोंड उघडायची नाय." हे तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. तोंड शिवायच्या माझ्या वाक्याचं उत्तर तिने मला देवळात दिलं, सगळ्या गावासमोर, आणि ते फक्त मला कळलं.

साखरपुडा झाला. मी सुखात असायला हवी होते आणि होतेही, पण घरात ओटी रिकामी होती. लग्नसराई सुरू झाली, एकही नारळ आला नाही. जिने स्वतःचा धवला खोटा म्हटला तिला कोण बोलावणार? लांबून वाजंत्री ऐकू आली की आई सूप घेऊन मागल्या दारी जाऊन बसायची. बाबा पाग विणत बसायचे आणि तिच्याकडे बघून मान हलवायचे. मी एकदा म्हटलं, "आई, माझ्या लग्नात तरी गा." ती म्हणाली, "देवीला सांगितला तो काय तुला ईचारून सांगितला?"

माझ्या लग्नाला धवलारीण आली ती उरणकडची. तरुण होती, बिचारी घाबरलेली होती, कारण कुणाच्या ओटीवर गायला बसलोय हे तिला ठाऊक होतं. आवाज आईपेक्षा गोड. सकाळी मांडवात मला पाटावर बसवलं, डोक्यावरून पदर, मान खाली. आई समोर, मेढीला टेकून, पदराचं टोक ओठांशी धरून. आवतण सुरू झालं. डोंगरावरची देवी आली. समुद्रावरचा देव आला. प्रत्येक देवापाशी माझं नाव, आणि या खेपेला त्याच्या पाठोपाठ माझ्याच माणसाचं नाव. माझ्या अंगावर काटा येत होता. सातवा देव झाला, आणि ती थांबली. तिने हात जोडले आणि हळदीची वाटी पुढे ओढली.

तिला बांधावरचा देव माहीतच नव्हता. ती दुसऱ्या गावची, तिच्या गावाला बांधच नाही. ऐरोलीकरांच्याही लक्षात आलं नाही. पण आमच्या गावच्या बायकांत कुजबुज झाली. यो राहिला, यो राहिला. आईच्या मागे झेलणाऱ्या त्या दोघीही तिथेच होत्या, पण झेलणारीने ओळ काढायची नसते. सगळ्यांच्या नजरा आईवर. तिने एक ओळ म्हटली असती तर संपलं असतं. मी पदराआडून तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, सगळी ओळ तिच्या तोंडात आलेली होती आणि तिने दात घट्ट आवळले होते. डोळ्यांत पाणी. ती बांधावरच्या देवासाठी रडत नव्हती, एवढं मला कळत होतं. जिने शेकडो पोरींची लग्नं लावली तिच्या पोरीचं लग्न तिच्या डोळ्यांदेखत अर्धं राहत होतं.

मग मी गायले.

कसं गायले ते मला सांगता येणार नाही. शिकले नव्हते, कधी म्हणून पाहिलं नव्हतं, तबकडीवरही ती ओळ नव्हती. नवरीने पाटावर तोंड उघडायचं नसतं. त्यात त्या ओळीत नवऱ्याचं नाव. त्या काळी बायका दहा मुलं झाली तरी नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि मी लग्न लागायच्या आधी, भर मांडवात, सासऱ्यासमोर, मोठ्याने, माझं नाव, बाबांचं नाव, त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, गाव. आमच्या हळदीला ये. माझा आवाज जाड निघाला आणि वर जाऊन चिरकला. आईच्या मागे बसायच्या त्या दोघींनी काही विचार न करता ओळ झेलली. सासऱ्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. मग बाबा, जे कधी बोलत नसत, ते म्हणाले, "लावा आता हलद." आणि हळद लागली.

आई पुढेही पुष्कळ वर्षं जगली आणि एकाही मांडवात गायली नाही. तिला परत कुणी बोलावलंही नाही. ती तबकडी काही वर्षं वाजली, मग नवी गाणी आली आणि ती भोंगेवाल्यांच्या पेट्यांच्या तळाशी गेली. माझ्याकडे एक आहे. मी ती लावत नाही, त्यात जासईच्या माणसाचं नाव आहे.

पण त्या दिवशी, मी सासरी निघाले तेव्हा, आई बांधापर्यंत माझ्याबरोबर चालत आली. बाकीच्या बायका रडत होत्या, मीही रडत होते. ती रडत नव्हती. त्या दगडाजवळ आल्यावर तिने माझा पदर सारखा केला, माझ्या कपाळावरची सुकलेली हळद नखाने पुसली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे पूर्वीसारखी, शिकवायला बसल्यासारखी बघत म्हणाली, "बरा गायलीस. पन शेवट वढलास लय. तो लांब नाय र्‍हात."